झेलाबाईचा वाटा

बोडीटोल्यात मासे वाटायला काटा लागत नाही, पाठ लागते. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो, मग पुढचं.

पोंभुर्ण्याहून नऊ किलोमीटर आत, साग-मोहाच्या रानात हे गाव. तलावाच्या पाळीखाली ढिवरांची तेवीस घरं. वैशाखात पाणी आटत आलं की सगळी घरं मिळून जाळं ओढतात आणि निघालेले मासे पळसाच्या पानांवर तेवीस ठिकाणी मांडतात. वाटे होता होईल तेवढे सारखे करतात. पण मासा म्हणजे काही तांदूळ नव्हे. एका वाट्यात मरळ जाते, दुसऱ्याच्या नशिबी नुसते काटेच काटे. मग तंटा नको म्हणून एक बाई वाट्यांकडे आणि साऱ्या गावाकडे पाठ करून उभी राहते, डोळ्यांवर पदर ओढते. मागे एक जण एकेका वाट्यावर बोट रोखून विचारतो, "हा कोनाचा?" बाई नाव पुकारते. ज्याचं नाव आलं त्याचा तो वाटा. एकदा पुकारलेलं नाव परत घ्यायचं नाही, चुकून आलं तरी नाही. बाईने स्वतःच्या घराचं नाव घ्यायचं नाही. शेवटी उरेल तो तिचा. कुरकुर करायची सोयच नाही, कारण करणार कोणावर? बाईला तर काही दिसतच नव्हतं.

ही पुकार कुंताबाईच्या घरची. आधी तिची सासू रुखमाबाई पुकारायची, ती गेल्यावर कुंता. अठ्ठावीस वर्षं झाली. त्याचा एक रुपया मिळत नाही, की एक झिंगा जास्तीचा मिळत नाही. मिळतं ते एवढंच, की दोन भावांत बांधावरून वाजलं तर माणसं म्हणतात, कुंताबाईले बलवा. कुंता म्हणजे फार गोड बोलणारी बाई होती असं नाही. फटकळच होती. पण तिच्या शब्दाला गावात वजन होतं, आणि ते तिला आवडायचं. का नाही आवडणार? माणसाला आणखी काय लागतं?

आणि ते वजन एका पुस्तकाने घालवलं.

झालं असं. मुंबईच्या एका संग्रहालयात एक मोठं जुनं चित्र आहे. नव्वद वर्षांपूर्वी कोणी चित्रकार चांद्याच्या जंगलात फिरायला आला होता, त्याने काढलेलं. तरुण बाई, डोळ्यांवर पदर, हनुवटी वर केलेली, तोंड अर्धवट उघडं. चित्राला नाव दिलंय 'परित्यक्ता'. तिचं तोंड तुम्हीही पाहिलं असेल. कॅलेंडरवर यायचं, रुखवतात भरतकाम करून ठेवायचे. जो तो म्हणायचा, काय ते दुःख! नवऱ्याने टाकली असेल बिचारी. मग चंद्रपूरच्या एका निवृत्त मास्तरांनी, सुरेंद्र गोहोकार त्यांचं नाव, त्या चित्रामागची हकिगत शोधायचं मनावर घेतलं. मास्तर इतिहास शिकवायचे, माणूस चिकट. कुठून कुठून पत्रं लिहून त्यांनी शोधून काढलं की चित्राच्या पाठीमागे, कापडावर, चित्रकाराने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: 'झेला, बोडीटोला'. एवढ्या दोन शब्दांवर मास्तर अकरा वर्षं बसले आणि चारशे पानांची ऐतिहासिक कादंबरी उभी केली. 'गावाबाहेरची झेला'. तिला बक्षीसही मिळालं.

झेला ही कुंताच्या नवऱ्याची, नथ्थूची आजी. म्हणजे कुंताची आजेसासू.

कुंताची नात जया पोंभुर्ण्याला कॉलेजात जाते. तिने पुस्तक आणलं तेव्हा घरात नुसता आनंद होता. आपल्या घरची बाई पुस्तकावर! नथ्थूने तर आजीचं तोंड पाहून कव्हरलाच हात जोडले. रोज दुपारी भाकर खाऊन झाली की जया वाचायची आणि कुंता जाळ्याची फाटकी घरं विणत ऐकायची. शंभर पानं छान गेली. पुढे मात्र कादंबरीतली झेला त्या चित्रकारासमोर बसायला लागली, गावात कुजबुज झाली, पंचायत बसली, आणि एका सकाळी तलावाच्या पाळीवर सगळ्या गावाने बोट रोखून तिला निघून जायला सांगितलं. माणसं दगड उचलायला वाकली. झेलाने गावाकडे पाठ केली, पदराने डोळे झाकले आणि हंबरडा फोडला. तीच घडी चित्रात आहे, असं मास्तरांनी लिहिलं होतं. पुढे ती आलापल्लीकडच्या रानात एकटी मरते.

जया वाचता वाचता थांबली. कुंताच्या हातातली सुई केव्हाच थांबली होती.

तिला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. त्यातही डाचत होतं ते वेगळंच. हे सगळं खोटं आहे असं तिला ठणकावून म्हणता येईना. झेला मेली तेव्हा कुंताचा सासरा तीन वर्षांचा होता. तिला पाहिलेलं आज एकही माणूस जिवंत नाही. सासरा जन्मभर आईविषयी अवाक्षर बोलला नव्हता. आता कुंताच्या मनात यायला लागलं, लहान होता म्हणून आठवत नव्हतं, की लाज वाटायची म्हणून बोलत नव्हता? एवढा शिकलेला माणूस अकरा वर्षं खपून लिहितो, ते काय उगाच लिहील?

पुस्तक मग साऱ्या गावात फिरलं. विक्कीनेही वाचलं. विक्की हा मच्छीमार संस्थेचा सेक्रेटरी, गावात सगळे त्याला सेक्रेटरीच म्हणतात. माणूस वाईट नाही, अडीनडीला धावून येणारा. पण बी.ए. झाल्यापासून छापलेल्या अक्षरावर त्याचा भारी विश्वास. संस्थेच्या बैठकीत त्याने विषय काढला. कुंताकाकीबद्दल आपलं काही म्हणणं नाही, पण पुकार हा मानाचा भाग आहे, आणि ज्या घरची बाई समाजाने बाहेर काढली होती त्याच घराकडे तो मान का, हे लोक विचारणार. उद्या बाहेरगावचे पाहुणे हसणार. त्यापेक्षा आपण इलेक्ट्रॉनिक काटा घेऊ. कोणी हो म्हणालं नाही, पण कोणी नाहीही म्हणालं नाही. सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसले. अठ्ठावीस वर्षं जिच्या तोंडून आपलं नाव ऐकलं, तिच्या बाजूने एक शब्द बोलायला एकाचीही जीभ उचलली नाही. मला विचाराल तर विक्कीपेक्षा या गप्प बसणाऱ्यांचाच जास्त राग येतो.

कुंता घरी आली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जयाला म्हणाली, त्या मास्तरचा नंबर पुस्तकात असेल तर लाव.

फोनवर ती भांडली नाही. एकच विचारलं, "तुमाले हे कोनं सांगतलं?" मास्तर गडबडले. त्यांना वाटलं होतं या घरचे लोक खूश असतील. म्हणाले, सांगितलं असं कोणी नाही, चित्रच सांगतं. कुंता म्हणाली, चित्र आम्ही नुसतं तोंडाएवढंच पाहिलं, बाकीचं काय सांगते ते घेऊन या. आणि जाळ्याच्या दिवशी या, म्हणजे खाली हात जाणार नाही.

मास्तर आले. गावातला सुनिल त्यांना पोंभुर्ण्याहून मोटरसायकलवर घेऊन आला. सकाळचे आठ वाजले होते, जाळं नुकतंच ओढून झालं होतं. मास्तरांच्या काखेत कापडात गुंडाळलेली मोठी फ्रेम होती, संग्रहालयातून मुद्दाम काढून आणलेली प्रत, कुंताबाईंना भेट म्हणून. कुंताने ती घेतली, पण उघडली नाही. ज्या चित्राने आपल्या घराचा मान घालवला ते साऱ्या गावासमोर उघडायची तिची हिंमत होईना. तिने ती मोहाच्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि आपण लोकांपासून लांब, पाळीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली. जयाही तिच्याजवळ येऊन बसली.

वाटे मांडून झाले. तेवीस पानं, तेवीस वाटे. आणि मग सगळे नुसतेच उभे राहिले, कारण आता पुकारणार कोण? काटा अजून आला नव्हता. मुखरूच्या बायकोला पुढे करावं तर सुनिलच्या घरचे कुरकुरले, सुनिलच्या आईचं नाव निघालं तर मुखरू. ऊन चढायला लागलं, माशांवर माश्या बसायला लागल्या. शेवटी डोमाभाऊ वैतागला. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, वाट्यांवर बोट रोखायचं काम त्याचं. तो म्हणाला, पाहुणा आलाय ना, त्यालाच उभा करा. त्याचं इथे ना नातं ना गोतं, त्याच्याहून सरळ कोण पुकारेल? साऱ्यांना पटलं. विक्कीला तर फारच पटलं.

मास्तरांना समजावून सांगावं लागलं. ते मूळचे कोरपन्याकडच्या कापसाच्या मुलखातले. तिथे जे काही आहे ते काट्यावर मोजतात. पाठ करून वाटणी हा प्रकार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मोठ्या कौतुकाने ते उभे राहिले. मुखरूने आपला दुपट्टा त्यांच्या डोळ्यांवर बांधला. सारं गाव त्यांच्या पाठीमागे, वाट्यांभोवती गोळा झालं.

"हा कोनाचा?" डोमाभाऊने विचारलं.

मास्तर म्हणाले, "डोमाभाऊंचा." हशा झाला, पण वाटा डोमाभाऊचा झाला. दुसरा सुनिलचा. तिसऱ्याला मास्तर म्हणाले, "सेक्रेटरीसाहेबांचा." डोमाभाऊने सांगितलं, इथे हुद्दा चालत नाही, नाव पाहिजे. नाव मास्तरांना कुठे माहीत होतं! तो वाटा तसाच राहिला. पुढचा मुखरूचा. मग मास्तर थांबले.

चारशे पानं लिहिली या गावावर, आणि नावं संपली.

एक नाव त्यांना ठाऊक होतं, कुंताबाईंचं. पण सकाळपासून तिच्याविषयी काय चाललंय ते त्यांच्या कानावर आलं होतं, आणि का चाललंय तेही. ते नाव घ्यायचं धाडस त्यांना होईना. डोमाभाऊने पुन्हा विचारलं, "हा कोनाचा?" मास्तरांनी मान वर केली, तोंड अर्धवट उघडलं, आणि शब्द शोधत तसेच उभे राहिले.

पाळीच्या दुसऱ्या अंगाला, मास्तरांच्या बरोबर समोर, कुंता बसली होती.

तिने ते तोंड पाहिलं. झाकलेले डोळे, वर केलेली हनुवटी, अर्धवट उघडं तोंड. हे तोंड तिने पाहिलं होतं. चार महिने ते तिच्या घरात, फळीवर, पुस्तकाच्या कव्हरवर होतं. जयाने तिचा दंड घट्ट धरला. तिलाही दिसलं होतं.

आणि कुंताला हेही कळलं की आजवर हे कोणाला का कळलं नाही. पुकारणाऱ्या बाईचं तोंड या गावात कोणी कधी पाहिलेलंच नाही. कसं पाहणार? तिच्या समोर कोणी उभंच राहत नाही. साऱ्यांचे डोळे माशांवर. अठ्ठावीस वर्षं ती स्वतः उभी राहिली, नथ्थूनेदेखील कधी समोर येऊन पाहिलं नाही की पुकारताना आपली बायको कशी दिसते. समोर येऊन पाहणारा एकच माणूस झाला, नव्वद वर्षांपूर्वी, ज्याचा त्या माशांत वाटा नव्हता.

"हा कोनाचा?" डोमाभाऊने तिसऱ्यांदा विचारलं.

मास्तरांच्या तोंडून एक नाव गेलं. अकरा वर्षं जे नाव घेऊन ते उठले-बसले, तेच गेलं. "झेलाबाईचा."

मास्तरांना आपली चूक लगेच कळली असावी, त्यांनी दुपट्ट्याला हात घातला. पण नाव तर पुकारलं गेलं होतं, आणि पुकारलेलं नाव परत होत नाही. मेलेल्या माणसाचं नाव याआधी कधी कोणी घेतलं नव्हतं. विक्की हळूच म्हणाला, मेलेल्याचं एक वेळ राहू द्या. समाजाबाहेर काढलेल्या बाईचा वाटा पानावर कसा राहील? प्रश्न खरा होता. बाहेर काढलेल्याला वाटा नसतो, हाही गावाचाच नियम. डोमाभाऊचं बोट त्या वाट्यावर तसंच राहिलं.

तेव्हा कुंता उठली.

"सर, हालू नोका," ती म्हणाली. "तसेच उभे राहा. आन् तुमी सारे जन ते मासे सोडा. इकडे या, समोर. येऊन त्यायचं तोंड पाहा."

माणसं आली, काही कुतूहलाने, काही नुसती तिच्या आवाजाला भिऊन. डोमाभाऊ काठी टेकत आला. मास्तर बिचारे डोळे बांधलेले, हनुवटी वर करून उभे, कोणी काही बोलेना म्हणून आणखीच कावरेबावरे. कुंताने जयाच्या पिशवीतून पुस्तक काढलं आणि त्यांच्या तोंडाशेजारी धरलं.

कोणाला काही सांगावं लागलं नाही. मुखरूची बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगा माय, हे तं पुकारून राह्यली!"

मास्तरांनी दुपट्टा ओढून काढला. पुस्तक पाहिलं, समोरची माणसं पाहिली, मागे वळून पळसाची पानं पाहिली, आणि धावत जाऊन फ्रेमचं कापड सोडलं. चित्र पाळीवर उन्हात उभं केलं. पुस्तकाच्या कव्हरवर आणि मोबाइलवर त्या बाईच्या मागे नुसता काळोख दिसायचा. इथे तो काळोख नव्हता. मागे एक म्हातारा उभा होता, बोट रोखलेला. ते बोट बाईवर नव्हतं, खाली जमिनीवर होतं. त्याच्याभोवती माणसं वाकली होती, आणि त्यांच्या पायाशी चकाकणारे ढीग होते, हिरव्या पानांवर.

डोमाभाऊ चित्राजवळ बसला. एकेका ढिगावर बोट ठेवून त्याने मोजले. चौदा. "तवा चौदाच घरं होते," तो म्हणाला. "माह्या बापानं सांगतलं होतं."

मास्तर खालीच बसले, मातीत. "मी दगड लिहिले," ते म्हणाले. "अकरा वर्षं पाहिलं, आणि मी दगड लिहिले."

कुंताला खरं तर त्यांना चार शब्द सुनवायचे होते, चार महिने ती ते मनात जुळवत होती. पण समोर बसलेल्या त्या माणसाला पाहून तिला एकही आठवेना. तिला हलकं वाटत होतं, आणि रडू येत होतं, आणि या माणसाने नाव शोधून आणलं नसतं तर झेला कोण होती हेदेखील आपल्याला कळलं नसतं, हेही तिला दिसत होतं. तिने जयाला सांगितलं, सरांना पाणी दे.

डोमाभाऊ परत वाट्यांकडे गेला. ज्यावर त्याचं बोट अडलं होतं ते पान त्याने दोन्ही हातांनी उचललं, नथ्थूपुढे नेऊन ठेवलं. "तुह्या आजीचा वाटा," तो म्हणाला. "तुह्या घरचा आज हाच." नथ्थू साठीच्या पुढचा माणूस, पण त्याला ते पान धड उचलता येईना. त्याने ते तसंच मांडीवर घेतलं.

आता उरलेले वाटे होते आणि ऊन तापलं होतं. सगळे विक्कीकडे पाहायला लागले. विक्की चित्रासमोरून हलला नव्हता. त्याने कान खाजवला, घसा साफ केला, आणि काट्याविषयी काही बोलेल असं वाटत असताना म्हणाला, "काकी, मासे खराब होऊन राह्यले. पुकारा ना."

कुंता जाऊन उभी राहिली. पाठ केली, डोळ्यांवर पदर ओढला. पदराआड तिने काय केलं ते कोणाला दिसलं नाही, कारण सगळे आपल्या जागी, वाट्यांभोवती, जाऊन उभे राहिले होते. मास्तर तेवढे समोर होते, त्यांनी पाहिलं. त्यांनी ते अजून कुठे लिहिलेलं नाही.

डोमाभाऊने मघाशी राहिलेल्या तिसऱ्या पानावर बोट रोखलं. त्या पानावर दोन मरळी होत्या, हातभर लांब, त्या दिवशीचा सगळ्यात भारी वाटा. सकाळपासून तेवीस घरांचा त्यावर डोळा होता.

"हा कोनाचा?"

"विक्कीचा," कुंता म्हणाली.

विक्की जागच्या जागी उभा राहिला. कोणीतरी त्याला पुढे ढकललं. त्याने ते पान उचललं, मान खाली घालून बाजूला नेलं, आणि बाया हसायला लागल्या. कशाला हसताहेत ते कुंताला कळलं नाही. ती पाठ करून उभी होती, आणि डोमाभाऊने पुढचा वाटा विचारला होता.